फादमाचा गुडघा

"मावशी, ते इंजेक्शन घेतल्यापासून गुडघ्याची सूज उतरली का हो?" यामिना सहज बोलून गेली, आणि मासळीवाल्यापुढे पिशवी उघडी धरून उभी असलेली फादमा जागच्या जागी ताठरली. मासळीवाला तारल्या ओतत होता, बर्फाचं पाणी पिशवीच्या तळातून तिच्या बुटावर ठिबकत होतं, पण तिने पाय मागे घेतला नाही. तिने वळून पाहिलं. चेहऱ्यावर मघाचं हसू तसंच होतं, फक्त डोळ्यांतून ते निघून गेलं होतं. "कोणतं इंजेक्शन ग?" तिने विचारलं. यामिनाने जीभ चावली. "नाही, म्हणजे, चालताना बघितलं तुम्हाला, तर वाटलं..." "चालताना इंजेक्शन दिसतं होय?" फादमा म्हणाली. मग तिने पैसे दिले, पिशवीला गाठ मारली आणि अगदी नेहमीच्या आवाजात विचारलं, "येम्मा कशी आहे तुझी?" "तशीच. शुक्रवारी तुमची वाट बघते." "बघू," फादमा म्हणाली, आणि गर्दीतून डावा पाय किंचित ओढत निघून गेली. शेजारच्या गाड्यावरचा डच म्हातारा चीज विकत ओरडत होता. यामिनाला काय घ्यायचं होतं ते तिला आठवेना. ती रिकाम्या हाताने ट्रामच्या थांब्यावर येऊन उभी राहिली.

तोंडातून गेलेला शब्द काही पिशवीत परत भरता येत नाही. यामिना तो पुन्हा पुन्हा उच्चारून पाहत होती, जणू वेगळ्या सुरात म्हटला असता तर तो निरुपद्रवी ठरला असता. गुडघ्याचं एक वेळ ठीक होतं. म्हातारी बाई, पायऱ्या चढते-उतरते, गुडघा दुखायचाच. पण इंजेक्शन! इंजेक्शनचं फादमाने या जगात एकाच माणसाला सांगितलं होतं. गेल्या बुधवारी, चहाची किटली गॅसवर असताना, आपल्या मुलाला, जवादला, फोनवर. "सुनांना बोलू नकोस," ती म्हणाली होती, "बायकांना कळलं की संपलं. म्हणतील, फादमाला आता गुडघ्यावर बसता येत नाही, मयताला आंघोळ कशी घालणार? दुसरी बघतील." आणि जवाद हसून म्हणाला होता, "येम्मा, मेलेल्या बायकांना काय कळतंय तू बसून धुतेस की उभ्याने?" त्यावर फादमाने त्याला जी शिवी दिली होती तिला डच प्रतिशब्द नव्हता, आणि यामिना, कानांवर हेडफोन लावून मास नदीच्या पलीकडे एका बिननावाच्या इमारतीत बसलेली यामिना, एकटीच खुदकन हसली होती. मग तिने नेहमीची ओळ टाईप केली होती: आई आणि मुलगा, प्रकृतीविषयी घरगुती बोलणं, तपासाशी संबंध नाही.

त्या इमारतीत तिला नाव नव्हतं. एक आकडा होता, तो कार्डावर होता आणि प्रत्येक पानाच्या खाली होता. कोर्टात पान गेलं तरी आकडाच जायचा. चोरून ऐकलेले फोन डचमध्ये उतरवायला मायदेशातल्या रिफच्या डोंगरातली बोली कळणारी माणसं पोलिसांना हवी होती, आणि ती बोली बोलणारी माणसं पोलिसांत जायला तयार नव्हती, म्हणून आकडा. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं की यामिना हॉस्पिटलच्या कचेरीत बसते, कागद लावते. येम्मालाही, तिच्या आईलाही, तेच माहीत होतं. कामाचा पहिला नियम तिला एका पांढऱ्या केसांच्या बाईने शिकवला होता: बोलणाऱ्याचा 'मी' तो तुमचा 'मी'. 'तो म्हणतो की' असं लिहायचं नाही. तो म्हणाला, मी पिशवी उचलतो, तर तुम्ही लिहायचं, मी पिशवी उचलतो. मधे तुम्ही नाहीच. यामिनाला ते आवडलं होतं. नवऱ्याने टाकल्यावर तिला कुठेही नसण्याची घाई झाली होती, आणि इथे त्याचा पगार मिळत होता.

ट्राम आली. ती चढली, बसली, शेजारच्या सीटवर दोन रिफी पोरी मोबाईलवर काहीतरी बघत खिदळत होत्या आणि तिला वाटलं, यांचे आवाज आपण ऐकलेत का? ही सवय होती. गल्लीत चालताना चेहरे तिला अनोळखी वाटत आणि आवाज ओळखीचे. बेकरीतला माणूस 'अजून काही?' म्हणाला की तिच्या डोक्यात त्याचं सगळं घर उघडायचं: याची बायको मायदेशी नादोरला जाऊन बसली आहे, याला साखर आहे, हा बहिणीशी वाटणीवरून भांडला आहे. ती पाव घेऊन बाहेर पडायची आणि तोंडावर रेषाही हलू द्यायची नाही. खरं सांगायचं तर त्यात तिला एक सुख मिळत होतं, आणि ते चांगलं सुख नव्हतं. तिला तिच्या नवऱ्याने टाकलं तेव्हा या बायका कुस्कुसची ताटं घेऊन आल्या होत्या. सांत्वनाला! भिंतीला टेकून बसल्या, चहा प्यायल्या, आणि नजरेने सगळं घर चाचपून घेतलं: पलंग कुठे सरकवलाय, त्याचे बूट गेले का, ती रडून सुजली आहे का की निर्लज्जासारखी कोरडी आहे. आता भिंतींना कान होते आणि ते कान तीच होती. बसा आता, बोला, प्या चहा. फक्त एक फादमा तेव्हा बसली नव्हती. ती सरळ स्वयंपाकघरात गेली होती, तुंबलेली भांडी घासून, ओटा पुसून, हात घरातल्या फडक्याला नव्हे तर स्वतःच्या झग्याला पुसत एक अक्षर न बोलता निघून गेली होती. यामिनाला ते फारसं आठवायला आवडत नसे, कारण मग हिशेब नीट बसत नसे.

आणि नेमकी तीच बाई. जवादच्या मागावर पोलीस कित्येक महिने होते. बंदरात कंटेनर उतरतात, त्यांतून पोरं चोरट्या मालाच्या पिशव्या काढून आणतात, पोरांना कोण पाठवतं ते शोधायचं होतं. जवाद फोनवर कामाचं जवळजवळ काही बोलत नसे. तो आईशी बोलायचा. रोज बोलायचा. त्यामुळे यामिनाच्या कानात रोज फादमा यायची: डाळ नासली, बिसाऱ्याचं सूप करपलं, थोरल्या सुनेने पडदे धुवायला टाकले ते मशीनने खाल्ले, काल एक तरुण बाई धुतली, तिच्या नखांचा रंग निघता निघेना, तिची आई बाहेर बसून रडत होती, मी म्हटलं असू दे रंग, अल्ला काय नखं बघून आत घेतो? यामिना हे सगळं ऐकायची आणि 'संबंध नाही' असं लिहायची. हळूहळू तिला सकाळी हेडफोन चढवताना त्या आवाजाची वाट बघायची सवय लागली. फादमा दोन दिवस सर्दीने बसली तेव्हा यामिनालाच चुकल्यासारखं झालं. म्हणजे आपुलकीच म्हणायची. इतक्या वर्षांत ती कोणाशी आपुलकीने एक वाक्य बोलली, तर तेच नेमकं गळ्याशी आलं.

घरी येम्मा खिडकीशी गाद्यांना टेकून बसली होती. तिच्या फुप्फुसात पाणी होतं, काढलं तरी पुन्हा भरत होतं, आणि हॉस्पिटलने शेवटी गोड आवाजात तिला घरी पाठवलं होतं. "कोण भेटलं?" तिने विचारलं. "फादमा." येम्माचा चेहरा उजळला. "शुक्रवारी येतेय ना? तिला ते कापड दाखवायचंय." कापड कफनाचं होतं, मक्केहून आणलेलं, पांढरं, जमजमच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं. ते पेटीत तळाशी असे आणि येम्मा दर महिन्याला ते बाहेर काढायला लावून हात फिरवून परत ठेवायला सांगे. पुढचं सगळं ठरलेलं होतं. शवपेटी विमानाने नादोरला जाणार, तिथे अब्बाशेजारी जागा आहे, पण आंघोळ इथेच व्हायची, आणि ती फादमाच्याच हातची. "डच नर्सच्या हातात नको ग मला," येम्मा म्हणायची. "फादमाचे हात कसे, पोळी लाटणाऱ्या बाईचे. आणि तू पाणी ओत. तू पाणी ओतायचंस हं." "ओतेन," यामिना म्हणायची. रिफमधल्या बाईची शेवटची अब्रू त्या आंघोळीच्या खोलीत असते: कोण येतं, कोण पाणी ओततं, दाराबाहेर किती चपला. यामिनाने आजही "हो ग" म्हटलं आणि आत जाऊन नळ सोडून ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. 

सोमवारी सकाळी हेडफोनमध्ये फादमा आली. यामिनाला ती येणार हे माहीत होतं. चोराच्या मनात चांदणं.

"जवाद, माझ्या गुडघ्याचं कोणाला बोललास?"

"कसला गुडघा?"

"मेल्या, इंजेक्शनचं!"

"मी कशाला बोलू? मला दुसरे उद्योग नाहीत?"

"बायकोला?"

"नाही ग येम्मा. तूच म्हणालीस ना, तोंड शिवून बस. बसलोय."

"शपथ घे."

"तुझी शपथ."

मधे किटली शिट्टी वाजवायला लागली आणि फादमाने ती उतरवली. यामिनाने ते ऐकलं. गॅसचं बटण फिरलेलंही ऐकलं.

"मग मला सांग," फादमा सावकाश म्हणाली, "ती सल्लामची मुलगी यामिना, नवऱ्याने टाकलेली, आजारी आईजवळ राहते ती, तिला कसं कळलं?"

 जवादचा श्वास यामिनाच्या दोन्ही कानांत होता. तो मूर्ख नव्हता. मग तो म्हणाला, "येम्मा, फोन ठेव."

"अरे पण..."

"ठेव म्हणतो ना! मी येतो."

यामिनाचे हात कीबोर्डवर होते. नियमाप्रमाणे तिला लिहायचं होतं: ती सल्लामची मुलगी यामिना, तिला कसं कळलं. स्वतःच्या हाताने. तिने स्क्रीनकडे बघितलं, मग मागे, वाउटरच्या टेबलाकडे. वाउटर या तपासाचा प्रमुख होता, उंच, नीटनेटका, पावात चीज घालून रोज त्याच वेळी खाणारा. तो सभ्य होता आणि तिला तो सहन होत नसे. 'तुमची माणसं' असं तो म्हणायचा, अतिशय आदराने. तिने त्याला हे दिलं तर तिचा आकडा जाईल, काम जाईल, आणि कुठल्या तरी फाईलला तिचं नाव चिकटेल, आणि फाईल एक ना एक दिवस वकिलाकडे जातेच. वकिलाकडून जवादकडे, जवादकडून गल्लीत. गल्लीतून येम्माच्या उशाशी. तिने लिहिलं: आई आणि मुलगा, प्रकृतीविषयी घरगुती बोलणं, तपासाशी संबंध नाही. इतक्या वर्षांत तिने एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. बोटं मात्र अजिबात अडखळली नाहीत, याचाच तिला राग आला.

त्यानंतर जवादच्या सगळ्या फोनांवर शुकशुकाट झाला. पोलीस जाऊन बघून आले तर घरातून तो गेलेला होता, बायकोला पत्ता नाही, बंदरातली पोरंही पांगलेली. वाउटर पाव न खाता बसून राहिला. मग तो तिच्या टेबलाशी आला. "त्याला कोणीतरी सावध केलं," तो म्हणाला. "हं," यामिना म्हणाली. "या खोलीतून." तिने मान वर केली नाही. "तुमच्या बाजूने काही सुटलं असेल असं मी म्हणत नाही. पण तुमची माणसं एकमेकांना ओळखतात, नाही का? छोटा समाज." "माझी माणसं," यामिना म्हणाली, "माझ्याशी बोलत नाहीत." "ते कळतंय," वाउटर म्हणाला. "पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शहरातून एक दुभाषी येतोय. तो सगळं पहिल्यापासून ऐकेल. प्रत्येक फोन. 'संबंध नाही' म्हटलेलेसुद्धा." तो निघून गेला आणि त्याच्या जागी कोटाचा ओला वास तेवढा उरला. यामिनाला वाटलं, उठावं आणि त्याच्या पाठीत खुर्ची घालावी. मग वाटलं, जवादच्या पाठीत घालावी. मग फादमाच्या. एका इंजेक्शनचं एवढं गुपित करायला कोणी सांगितलं होतं म्हातारीला!

शुक्रवारी येम्माने सकाळीच केस विंचरून घेतले. चहाचे पेले पुसायला लावले. यामिनाने पुदिना आणला, बदामाची बिस्किटं ताटलीत मांडली, आणि दुपारची नमाज होऊन गेली, बायका मशिदीतून परतल्या, त्यांचे आवाज जिन्यात वर चढले आणि दारापुढून पुढे गेले. "फादमाच होती ना ती?" येम्मा म्हणाली. "खोकली ना आत्ता?" फादमाच होती. यामिना तो खोकला हजार आवाजांत ओळखू शकली असती. "नाही ग," ती म्हणाली. "दुसरंच कोणीतरी." येम्माने बराच वेळ दाराकडे बघितलं. "तू कोणाशी भांडलीस का?" तिने विचारलं. "मी कोणाशी भांडणार?" "तुझं तोंड तसं आहे म्हणून विचारलं," येम्मा म्हणाली, आणि धाप लागली म्हणून पुढचं बोलायची थांबली. पुदिना पेल्यात काळा पडला. यामिनाने तो मोरीत ओतला आणि तिच्या मनात आलं, ही आज-उद्या मेली तर मी दार उघडं टाकून बसेन आणि बाहेर एक चप्पल यायची नाही. मी आणि डच नर्स. या विचाराने तिला रडू यायला हवं होतं, पण तिला सगळ्या गल्लीचा, वरपासून खालपर्यंत, कडकडून द्वेष वाटला.

नवा दुभाषी यायच्या आदल्या दिवशी, सकाळी, जवादचा जुना नंबर वाजला. फोन त्याने कुठे फेकला असेल कोण जाणे, पण पोलिसांच्या यंत्रावर तो नंबर अजून जिवंत होता. घंटी वाजून वाजून थांबली, मग जवादचा रेकॉर्ड केलेला डच आवाज आला, निरोप ठेवा, मग टींग. यामिनाने हात रेकॉर्डिंग बंद करायच्या बटणाकडे नेला, कारण फादमा कधीच निरोप ठेवत नसे. यंत्राशी बोलायला मी काय वेडी आहे, असं म्हणून ती ठेवून द्यायची. पण या वेळी तिने ठेवला नाही. ती श्वास घेत होती.

"जवाद नाही, ते मला ठाऊक आहे," फादमा म्हणाली. "जवादसाठी फोन नाही केला मी. ऐकतेयस ना ग?"

वाउटर मागे येऊन उभा राहिला. स्क्रीनवर जवादचा नंबर हिरवा झालेला त्याने त्याच्या जागेवरून बघितला होता. त्याने दुसरा हेडफोन कानाला लावला, त्यातलं त्याला अक्षर कळत नव्हतं. "सांगत जा," तो म्हणाला. "मोठ्याने."

यामिना डचमध्ये सांगू लागली. नियमाप्रमाणे, मधे स्वतः नसल्यासारखी. "मी सुनेची गाऱ्हाणी केली, तू ऐकलीस. मी नवऱ्याच्या आठवणीने रडले, तू ऐकलंस. माझं पोट साफ होत नव्हतं, तेही ऐकलंस. लाज नाही वाटली?" तिचा आवाज सपाट होता. वाउटरच्या कपाळावर आठी पडली. फादमा कानात बोलत होती आणि यामिना तिच्या मागे मागे जात होती. "जवादला मी धुतल्या तांदळासारखा म्हणत नाही. मी त्याची आई आहे, आंधळी नाही. त्याचं काय ते तो आणि अल्ला बघून घेतील. पण तुला मी काय केलं होतं? तुझ्या घरातली भांडी घासली होती मी. एवढंच केलं होतं."

"कोणाशी बोलतेय ही?" वाउटर म्हणाला.

यामिनाने हात वर करून त्याला थांबवलं, कारण फादमा थांबली नव्हती. "आता तुझ्या आईचं. तिचा काही दोष नाही. मी तिला शब्द दिलाय, तिला मी धुईन. गुडघा मोडला तरी बसून धुईन. मी कोणाला काही बोलले नाही, तिच्यासाठी नाही बोलले. तिच्या दाराशी चपला येतील, काळजी करू नकोस. पण तू त्या खोलीत यायचं नाहीस. पाणी ओतायला मी सून घेईन, परकी बाई घेईन, तुझ्या हातात तांब्या देणार नाही. तू दाराबाहेर. तुला ऐकायची सवय आहे ना? तिथे उभी राहून पाणी ऐक."

फोन ठेवल्याचा आवाज आला. यामिनाचं तोंड उघडंच राहिलं होतं. सांगायचं काही उरलं नव्हतं.

"आई?" वाउटर म्हणाला. "कोणाची आई?"

"माझी."

"तुम्ही आता बोलणाऱ्याच्या जागी नाही आहात. मी विचारतोय, ही बाई कोणाच्या आईबद्दल..."

"माझ्या," यामिना म्हणाली. "मी यामिना. माझ्या आईबद्दल बोलली ती."

वाउटरने हेडफोन हळूच टेबलावर ठेवला. तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने एवढंच म्हटलं की कार्ड इथे ठेवा, आणि घरीच थांबा, कोणीतरी येईल तुमच्याशी बोलायला. खोलीतल्या बाकीच्या आकड्यांनी आपापल्या स्क्रीनवरून नजर काढली नाही. यामिनाने कार्ड काढलं, कोट घातला आणि ती बाहेर पडली. नदीवर वारा होता. ट्राममध्ये कोणीतरी मागच्या सीटवर रिफीत बोलत होतं, आणि तिला तो आवाज ओळखायचा नव्हता, तरी कान तिकडे लागलेच.

घरी येम्मा जागी होती. "आज लवकर?" ती म्हणाली. यामिनाने कोट न काढता तिच्या पायाशी बसून घेतलं. येम्माचे पाय थंड होते, ते तिने मांडीवर घेतले आणि चोळत राहिली.

"फादमाचं काही कळलं?"

"हो. फोन आला होता तिचा."

"मग? येईल ना ती? वेळ आली की?"

"येईल. शब्द दिलाय म्हणाली. गुडघ्यावर बसून धुईन म्हणाली."

येम्माने डोळे मिटले. चेहऱ्यावरच्या सगळ्या रेषा सैल झाल्या, कित्येक दिवसांत झाल्या नव्हत्या इतक्या. मग डोळे न उघडताच तिने विचारलं, "आणि तू? तू असशील ना?"

"असेन की," यामिना म्हणाली. "दाराशीच असेन मी, येम्मा."